डाळ मिलची मालकी तूर पिकवणाऱ्यांकडे नेताना

लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंगा भागात आमची छोटी डाळ मिल भागीदारी फर्मच्या नावावर होती. तूर बाजारातून घ्यायची, भरडायची, डाळ विकायची. तूर पिकवणाऱ्याचा संबंध काट्यावरच संपत असे. २०२३ च्या दिवाळीनंतर ही मिल तूर उत्पादकांच्याच कंपनीने चालवावी असं ठरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या पहिल्या वर्षाच्या ताळेबंदावर वार्षिक सभा झाली. मधल्या काळात काय करावं लागलं, किती खर्च आला आणि कुठे अडतं, ते क्रमाने लिहीत आहोत. शेतकऱ्यांच्या भल्यासाठी कंपनी काढणारे खूप गट आहेत. ते भलं नियमावलीत आणि काट्यावर उतरवलेलं नसेल, तर पहिल्या मंदीत विसरलं जातं. म्हणून त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

आधी हिशेब, मग नाव

आमची मिल तासाला साधारण एक क्विंटल तूर भरडते, म्हणजे दिवसाला आठ क्विंटल. तीनशे सभासद, प्रत्येकाची सरासरी दोन एकर तूर आणि एकरी चार क्विंटल उतारा धरला तर २,४०० क्विंटल होतात. त्यातली निम्मी तूर कंपनीकडे आली तर १,२०० क्विंटल, म्हणजे मिलला दीडशे दिवसांचं काम. हा आकडा आधी काढणं गरजेचं आहे, कारण उत्पादक कंपनीने (माल पिकवणारेच सभासद आणि मालक असलेल्या कंपनीने) प्रामुख्याने आपल्या सक्रिय सभासदांच्याच मालाचा व्यवहार करावा असं कायदा सांगतो. मोठी मिल घेऊन ती बाहेरच्या मालावर चालवायची असेल तर हा साचा त्यासाठी नाही.

मग एका क्विंटलचा हिशेब मांडला. तूर ७,५०० रुपये. ७२ किलो डाळ, घाऊक ११५ रुपयांनी ८,२८० रुपये. टरफल, चुनी (भरडताना निघणारा बारीक चुरा) आणि तुकडा मिळून २५ किलो, २० रुपयांनी ५०० रुपये. बाकी तीन किलो धूळ आणि घट. म्हणजे वर राहिले १,२८०. त्यातून मजुरी, वीज, तेल आणि मिलचं भाडं ५००, बारदान आणि वाहतूक ३००, व्याज १०० गेले की ३८० उरतात. आता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार (वर्षाला २ लाख ४० हजार) आणि ऑडिट, फायलिंग वगैरे ६० हजार हे १,२०० क्विंटलवर वाटले तर क्विंटलमागे २५० होतात. उरले १३० रुपये.

डाळीचा उतारा ७२ वरून ७० किलोवर आला, तर दोन किलो डाळीचे २३० रुपये जातात आणि चुनीचे ४० परत येतात. १३० ची शिल्लक तिथेच संपून वर ६० रुपयांचा तोटा. हा कागद आम्ही गावोगावच्या बैठकांत फळ्यावर मांडला. नफा कोण खातो हा प्रश्न दर बैठकीत निघायचा आणि त्याचं उत्तर या आकड्यांत होतं. भाव, उतारा, पगार यातलं काहीही बदलून बघा, हिशेब कुठे हलतो ते लगेच दिसतं. तुमच्या गटातही नाव सुचवण्याआधी हा कागद फिरवा.

सभासद कोण होऊ शकतं

उत्पादक कंपनी हा प्रकार वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींनंतर २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आला. आता तो २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ, कलम ३७८-अ पासून पुढे आहे. किमान दहा उत्पादक लागतात आणि संचालक ५ ते १५. शेअर कितीही असोत, व्यक्ती सभासदाला मत एकच. शेअर बाजारात विकता येत नाहीत. संचालक मंडळाच्या मंजुरीने, दर्शनी किमतीला आणि सक्रिय सभासदालाच देता येतात.

कंपनीच्या धंद्याशी विरोधी हितसंबंध असलेल्याला सभासद होता येत नाही, हे कलम मिलवाले आणि व्यापारी यांनी आधी वाचावं. भागीदारी फर्मचं थेट उत्पादक कंपनीत रूपांतर होत नाही. नवी कंपनी काढावी लागते आणि जुन्या फर्मचा तूर-डाळीचा व्यापार थांबवल्याशिवाय तिच्या भागीदारांना सभासदत्व घेता येत नाही. म्हणून फर्मची खरेदी-विक्री बंद केली आणि इमारत व यंत्रं कंपनीला भाड्याने दिली. भाड्याचा दर नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या अहवालावर ठरवला. फर्मच्या घरातलं कोणीही पहिल्या संचालक मंडळात नाही. भाडं घेणारा आणि भाडं मंजूर करणारा एकच असू नये, ही सभासदांची अट होती आणि ती रास्त होती.

दुसरा प्रश्न बायकांचा. निंदणी, खुरपणी, वाळवण त्या करतात, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. कायद्यातली 'उत्पादक' ही व्याख्या मात्र जमीनमालकीला बांधलेली नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतंही काम करणारी व्यक्ती उत्पादक ठरते, आणि पशुपालनही त्यात येतं. ज्यांच्याकडे शेळ्या किंवा दुभती जनावरं आहेत अशा भूमिहीन बायकांना आम्ही दूध डेअरीच्या पावत्या आणि ग्रामपंचायतीचा दाखला लावून सभासद केलं. कंपनीच्या सेवांचा वापर हाही सहभाग धरला जातो. त्यामुळे त्या चुनी आणि टरफल पेंडीसाठी विकत घेतात तेव्हा ती खरेदी त्यांच्या नावावर सहभाग म्हणून चढते. मिलमधल्या वाळवणाच्या कामावरच्या काहीजणी या वाटेने सभासद झाल्या. पहिल्या दहा वर्गणीदारांत (नोंदणीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांत) मात्र सातबारा आणि तहसीलचा शेतकरी दाखला असलेलेच ठेवा, छाननी सोपी जाते.

नियमावली: जिथे दोन महिने गेले

तयार नमुना सगळीकडे मिळतो आणि बहुतेक गट तोच डकवतात. आम्ही जानेवारी-फेब्रुवारी २०२४ हे दोन महिने यावरच घालवले, कंपनी सचिवाबरोबर ओळ न् ओळ वाचून.

सक्रिय सभासदाची व्याख्या आधी पक्की केली. तुरीचा सभासद असेल तर विक्रीच्या तुरीपैकी किमान एक तृतीयांश कंपनीला, पशुपालक असेल तर वर्षात ठरावीक किमतीची खरेदी. नियमावलीत तरतूद असेल तर मतदान सक्रिय सभासदांपुरतं मर्यादित ठेवता येतं. ती तरतूद घातली, पण पहिलं वर्ष सगळ्यांना मत दिलं.

शेअरवरचा परतावा मर्यादित असावा लागतो. आम्ही कमाल आठ टक्के लिहिला. म्हणजे जास्त पैसे गुंतवणाऱ्याला जास्त फायदा नाही, जास्त तूर आणणाऱ्याला आहे. शिल्लक वाटायची ती सहभागाच्या प्रमाणात, सहभाग बोनस म्हणून. सर्वसाधारण राखीव निधी कायद्यानेच दरवर्षी ठेवावा लागतो.

रोखून ठेवलेली किंमत हे कलम नीट समजून घ्या. माल घेताना मंडळ ठरवेल तेवढी रक्कम लगेच द्यायची, उरलेली नंतर रोखीने, वस्तूरूपात किंवा शेअरच्या रूपात द्यायची, अशी सोय कायद्यात आहे. खेळत्या भांडवलाला याचा मोठा आधार होतो. आमच्या नियमावलीत एक वाक्य जास्तीचं आहे: रोखलेल्या रकमेची पावती त्याच दिवशी द्यायची आणि ती फेडेपर्यंत कोणताही लाभांश द्यायचा नाही.

जमिनीचा कस सांभाळायला निधी हवा होता. देणगी म्हणून तो काढायला गेलं तर आदल्या वर्षीच्या निव्वळ नफ्याच्या तीन टक्क्यांची मर्यादा येते. म्हणून माती परीक्षण, निंबोळी अर्क तयार करणं आणि तुराट्या न जाळता कुट्टी करण्याचं यंत्र या सभासद-सेवा म्हणून थेट उद्दिष्टांच्या कलमात लिहिल्या. उद्दिष्टांत असलं की तो कंपनीचा कामकाजाचा खर्च होतो.

नोंदणी

पाच संचालकांच्या डिजिटल सह्या, एकेकीला दीड ते दोन हजार रुपये. नाव राखून ठेवायला स्पाइस प्लस अर्जाच्या पहिल्या भागात १,००० रुपये. दोन नावं देता येतात आणि मंजूर झालेलं नाव २० दिवस टिकतं. शेवटी 'प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड' हवंच. दुसरा भाग पूर्ण भरून तयार असेल तेव्हाच नावाचा अर्ज टाका, कारण दाखले गोळा करताना ते २० दिवस सहज निघून जातात. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणीचं सरकारी शुल्क नाही, मुद्रांक शुल्क मात्र राज्याचं लागतं. कंपनी सचिवाची फी, नोटरी, दाखले धरून सगळं पन्नास हजारांच्या आत बसलं.

अर्ज मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासला जातो. दुरुस्तीला परत येण्याची कारणं ठरलेली असतात: पॅनवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव वेगळं, नोंदणीकृत कार्यालयाचं वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं, जागामालकाचं संमतीपत्र नाही. नावं जुळवण्याचं काम अर्जाच्या एक महिना आधी करा. आधार दुरुस्त व्हायलाच वेळ लागतो.

एप्रिल २०२४ मध्ये प्रमाणपत्र आलं, त्यासोबत पॅन आणि टॅन. १ जानेवारीपासून पुढे नोंदणी झाली की पहिलं आर्थिक वर्ष पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत धरता येतं, म्हणून डिसेंबरात घाई करू नये.

त्यानंतर मुदती एकामागून एक येतात. पहिला लेखापरीक्षक ३० दिवसांत. पहिली वार्षिक सभा ९० दिवसांत, १४ दिवसांची नोटीस देऊन, आणि गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. पेरणीच्या दिवसांत तेवढी माणसं जमवणं अवघड असतं. म्हणून ती सभा मृगाच्या आधी, मेअखेरीस उरकली. प्रत्येक सभासदाने सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत वारस नेमायचा असतो. तो फॉर्म शेअरच्या अर्जालाच जोडून टाका.

बँकेत खातं उघडायला मात्र वेळ गेला. शाखेत उत्पादक कंपनी हा प्रकार कोणाला नीट माहीत नव्हता आणि ते सहकारी संस्थेचे कागद मागत राहिले. कलमांची प्रत आणि मंडळाचा ठराव सोबत नेल्यावर काम पुढे सरकलं. खातं लवकर हवं, कारण वर्गणीदारांचे पैसे खात्यात आल्याचं दाखवून व्यवसाय सुरू करण्याचं घोषणापत्र, म्हणजे आयएनसी-२०ए, १८० दिवसांत भरावं लागतं. ते भरल्याशिवाय कंपनीला धंदा करता येत नाही आणि चुकलं तर ५० हजारांचा दंड आहे.

मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासद नसावा, असं कलम ३७८-डब्ल्यू मध्येच आहे. गावातला हिशेब येणारा तरुण शोधताना त्याला चुकून सभासद करून ठेवू नका.

अन्नसुरक्षा परवाना फर्मचा होता, तो कंपनीच्या नावाने नवा काढला. थेट पणन परवाना (बाजार समितीबाहेर शेतकऱ्याकडून थेट माल घ्यायचा), वजनमाप विभागाकडून काट्याची पडताळणी आणि पॅकिंगची नोंदणी हे पावसाळ्यात उरकलं. जीएसटीत एक मेख आहे: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या डाळीच्या पॅकवर पाच टक्के कर आहे, त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. दोन्ही विकत असाल तर खरेदीवरच्या कराची वजावट प्रमाणातच मिळते. बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

शेत

सगळे सभासद एकदम सेंद्रिय होणार नाहीत, हे गृहीत धरून दोन गट केले. मोठ्या गटाचं काम फवारणी कमी करण्याचं: हेक्टरी पाच कामगंध सापळे, पक्षिथांबे आणि फुलोऱ्याच्या सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. अळी आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे गेली तरच रासायनिक औषध, आणि त्याची नोंद वहीत.

लहान गट पीजीएस-इंडियाच्या सहभाग हमी पद्धतीत गेला. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट, प्रतिज्ञापत्र, बैठका आणि एकमेकांच्या शेताची तपासणी असते. हंगामी पिकांना पूर्ण सेंद्रिय दर्जा मिळेपर्यंत दोन वर्षं जातात. तोवर पाकिटावर 'सेंद्रिय' छापू नका. आमच्या पाकिटावर फक्त गाव, वाण, 'पॉलिश न केलेली' आणि भरडल्याचा महिना असतो.

वाणही ठरवून घेतला. बदनापूर केंद्राची बीडीएन ७११ पांढरी आणि बीएसएमआर ७३६ लाल. दोन्हींच्या दाण्याचा आकार आणि टरफलाचा चिकटपणा वेगळा असतो. एकत्र भरडली तर एकीचं टरफल निघेपर्यंत दुसरीचा चुरा होतो.

काटा, ओलावा आणि उतारा

जानेवारी २०२५ मध्ये खरेदी सुरू झाली. त्या हंगामाचा हमीभाव ७,५५० होता आणि बाजार त्याच्या आसपासच फिरत होता.

कडता (ओलावा-कचऱ्याच्या नावाने तोलताना कापलं जाणारं वजन) सरसकट कापायचा नाही, हा आमचा पहिला नियम. ओलाव्याचा पाया १२ टक्के. तूर १४ टक्के ओली असेल तर ८६ भागिले ८८, म्हणजे क्विंटलला ९७.७ किलो धरायचं. वजावट २.३ किलोची, एवढीच. हा तक्ता काट्याशेजारी भिंतीवर लावला आणि ओलावा मोजायचा मापक सभासदाच्या हातात दिला. एका पोत्यातून नमुना घेऊ नका. वर, मध्ये, तळाशी बांबी (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) मारून एकत्र केलेला घ्या, कारण वरचं पोतं नेहमी कोरडं असतं. मापक हंगामाआधी प्रमाणित करून घ्या.

भरडण्याचा क्रम असा: चाळणीवर आकारानुसार प्रतवारी, रोलरवर हलकी खरड, क्विंटलला साधारण ३०० ग्रॅम खाद्यतेलाचा हात, रात्रभर ढीग, दोन दिवस ऊन, मग तीन-चार लिटर पाण्याचा हात, पुन्हा रात्रभर ढीग, पुन्हा वाळवण आणि भरड. उतारा घटण्याचं कारण बहुतेक वेळा वाळवणात असतं. आभाळ आलं आणि घाईत दाणा ओलसरच रोलरवर टाकला तर टरफल चिकटून राहते. ते काढायला रोलर घट्ट केला की डाळीच्या कडा घासून चुरा वाढतो. आम्ही ड्रायर घेतला नाही. वाळवणाचा सिमेंटचा ओटा वाढवला आणि ढगाळ दिवशी मिल बंद ठेवली. सौर वाळवणात दिवस जास्त जातात, जळण मात्र लागत नाही. प्रत्येक लॉटची डाळ, तुकडा, चुनी आणि न फुटलेला गोटा वेगवेगळा तोलून वहीत लिहा. त्या वहीशिवाय उतारा सुधारत नाही.

भुंगेऱ्यासाठी विषारी गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरवलं होतं. म्हणून तूर नीट वाळवून हवाबंद अस्तराच्या पिशव्यांत ठेवली आणि शक्य तेवढी लवकर भरडून टाकली. अख्ख्या तुरीपेक्षा डाळीला भुंगेरा कमी लागतो.

धूळ हा दुर्लक्षित विषय आहे. खरड आणि भरड दोन्हींची बारीक धूळ कामगारांच्या छातीत जाते. सायक्लोन (हवेतली धूळ वेगळी करणारं यंत्र) आणि पाइप बसवायचा खर्च आम्ही नफ्यानंतर ढकलला नाही, मिल सुरू करतानाच केला.

पैसा

दिवसाला आठ क्विंटल म्हणजे ६० हजारांची तूर. डाळ विकून पैसे परत यायला महिना धरला तर १८ लाख अडकतात. पहिली उचल (माल घेताना लगेच द्यायची रक्कम) ८० टक्के ठेवली तर १४ लाख ४० हजार. सभासदांचे हजार-हजाराचे शेअर जमेला तीन लाख. उरलेल्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट मागितलं, पण तीन वर्षांचे ताळेबंद नसल्याने पहिल्या हंगामात तुटपुंजं मिळालं. केंद्राच्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण कमाल १५ लाख, जुळणी भांडवल (सभासदांच्या भांडवलाला जोड म्हणून सरकारी रक्कम) आहे. मात्र मैदानी भागात किमान ३०० सभासद लागतात. अनुदान येईल असं धरून खरेदी ठरवू नका.

याचा परिणाम दिसलाच. ज्यांना लगेच पूर्ण रोख हवी होती, त्यांनी तूर बाजारात नेली. त्यांना दोष देता येणार नाही. लग्न, औषधपाणी, उधारी वाट बघत नाही. १,२०० च्या जागी सुमारे ९०० क्विंटल आली आणि ठरलेला खर्च तेवढ्याच क्विंटलांवर पडला. ३८० गुणिले ९०० म्हणजे ३ लाख ४२ हजार, त्यातून तीन लाख पगार आणि ऑडिट. हाती राहिले चाळीस हजारांच्या आसपास.

सप्टेंबरची सभा

रोखलेली २० टक्के रक्कम जुलैपर्यंत सगळ्यांना पूर्ण दिली होती. सभेपुढे प्रश्न शिल्लक रकमेचा होता. लाभांश नको, १२ हजार राखीव निधीला आणि बाकी सहभाग बोनस, असं ठरलं. क्विंटलमागे ३३ रुपये येतात. रक्कम लहान आहे. सभासदांचा खरा फायदा काट्यावर झाला: बाजारात क्विंटलमागे एक-दोन किलोचा कडता जात असे, तो वाचला, म्हणजे ७५ ते १५० रुपये. दोन्ही आकडे सभेत वेगवेगळे मांडले.

पुढच्या हंगामासाठी पहिली उचल ९० टक्के करायची, त्यासाठी साठा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून पावतीवर कर्ज घ्यायचं आणि सक्रिय सभासदाची अट मतदानाला लागू करायची, असे ठराव झाले. यंत्रं विकत घ्यायचा विषय पुढे ढकलला. भाडेकरार पाच वर्षांचा आहे आणि मूल्यांकन अहवालातली किंमत त्यात गोठवलेली आहे.

सभेनंतर ताळेबंद एओसी-४ मध्ये ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण एमजीटी-७ मध्ये ६० दिवसांत भरायचं असतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. अंतर्गत लेखापरीक्षणही सक्तीचं आहे आणि संचालक मंडळाची बैठक दर तिमाहीला हवी. या सगळ्या तारखांचा तक्ता कार्यालयात ओलाव्याच्या तक्त्याशेजारीच लावला आहे, म्हणजे कोणत्याही सभासदाला विचारता येतं.